राउंडऑफ बुद्रुक

दहिसर पूर्वेला आमच्या इमारतीचं नाव ज्या बिल्डरने 'साईकृपा' ठेवलं त्याची श्रद्धा दांडगी असेल, पण चौकशी कमी पडली. मागच्या गल्लीत एक साईकृपा आधीच उभी होती. पुढे तिच्याही मागे 'न्यू साईकृपा' झाली. तिघींत प्लॅस्टर सर्वांत आधी पडलं ते या न्यूचं.

पार्सल आणणारा पोरगा नेहमी घाईत असतो. तो रिक्षा स्टँडकडून येतो आणि त्या वाटेवर पहिली लागते ती मागच्या गल्लीतली साईकृपा. तिथे ३०२ मध्ये राहणारं कुटुंब अत्यंत सालस आहे. दारात आलेल्या कुठल्याही वस्तूला त्यांनी आजवर नाही म्हटलेलं नाही.

"३०२?"

"३०२च."

"साईकृपा?"

"साईकृपाच."

"घ्या मग. याला ओटीपी नाही."

यात कोणी कोणाला फसवत नाही हे लक्षात घ्या. पोरगा खरं विचारतो, ते खरं सांगतात आणि माझे पडदे त्यांच्या हॉलमध्ये लागतात. मापही बरोबर बसलं म्हणे. एका दिवाळीत सोलापूरच्या आत्याने कुरिअरने पाठवलेला फराळ तिथे उतरला. मी विचारायला गेलो, तर काकूंनी डबा घासूनपुसून, रिकामा देऊ नये म्हणून त्यात मूठभर साखर घालून माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "चकल्या खुसखुशीत होत्या हो. आत्यांना सांगा, करंजीत सारण मात्र अंमळ कमी पडलं."

बायको म्हणाली, "अहो, सोसायटीच्या मीटिंगमध्ये नाव बदलायचा विषय काढा." काढला. आमचे सेक्रेटरी म्हणाले, "आपण का बदलायचं? त्यांनी बदलावं." मागच्या गल्लीतले सेक्रेटरी म्हणाले, "आम्ही आधी आलो." न्यू साईकृपावाले म्हणाले, "आम्ही न्यू लावलंय. आता अजून काय जीव द्यायचा?"

खरं तर मला या सगळ्याचा संताप यायला हवा. येत नाही, कारण पोटासाठी मी दिवसभर हेच निस्तरतो. मी प्रोग्रामर आहे.

आमच्या धंद्यात सगळा प्रोग्राम स्वतः लिहायच्या भानगडीत कोणी पडत नाही. हिशेबाची फंक्शनं कोणी लिहून ठेवलेली असतात, छपाईची कोणी, तारखांची आणखी कोणी. अशा फंक्शनांचा गठ्ठा म्हणजे लायब्ररी. ती 'शेअर्ड' असली की अनेक प्रोग्राम मिळून ती एकच वापरतात. लिनक्सवर अशा फाइलीच्या शेवटी '.एसओ' लागतं, विंडोजवर '.डीएलएल'. लिनक्सवर प्रोग्राम सुरू झाला की लोडर नावाचा इसम या लायब्रऱ्या एका ओळीत उभ्या करतो. प्रोग्रामला 'राउंडऑफ' नावाचं फंक्शन हवं असेल तर तो ओळीतलं पहिलं दार वाजवतो. राउंडऑफ इथेच का? इथेच. घ्या मग. पुढच्या लायब्ररीत त्याच नावाचं, पण निराळंच काम करणारं फंक्शन असेल तर ते नुसतं बसून राहतं. कोणी बोलावत नाही, आणि काही चुकलं असंही कोणी म्हणत नाही. विंडोजने निदान कुठल्या डीएलएलमधलं कुठलं फंक्शन हे लिहून ठेवायची पद्धत पाडली. लिनक्सला एवढा संशयी स्वभाव मानवत नाही.

सगळ्या फाइली एकत्र शिवून एकच प्रोग्राम करायचा असेल तर लिंकर चांगला भांडतो. 'मल्टिपल डेफिनिशन' म्हणतो, 'फर्स्ट डिफाइन्ड हिअर' असं म्हणून आधीच्याकडे बोटही दाखवतो. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी मला वारंवार आठवतात ते या ओळीमुळे. शेअर्ड लायब्रऱ्यांत मात्र भांडण नाही, तंटा नाही. सर्वांत बहारीचा भाग असा, की मागच्या लायब्ररीने स्वतःच्याच घरातलं फंक्शन हाक मारून बोलावलं तरी, वेगळी व्यवस्था केलेली नसेल तर, लोडर तिला पहिलीचंच आणून देतो. म्हणजे आमची आत्या खुद्द आमच्याकडे राहायला आली आणि तिने इथेच बसून करंज्या केल्या, तरी त्या जाणार मागच्या ३०२ मध्ये.

हे होतं कारण फंक्शनचं बारसं नीट होत नाही. पोराचं नाव ठेवायला आत्या असते, पाळणा असतो, घुगऱ्या असतात. फंक्शनचं नाव ठेवताना रात्रीचे अकरा वाजलेले असतात आणि चहा निवलेला असतो. मग नावं ठेवली जातात ती 'इनिट', 'लॉग', 'चेक', 'प्रोसेस', 'टेम्प' आणि 'टेम्प' आधीच घेतलेलं निघालं तर 'टेम्प२'. प्रत्येकाला वाटतं हे नाव त्रिभुवनात आपल्यालाच सुचलं. 'एरर' नावाचं फंक्शन लिहिणाऱ्याच्या मनाला शिवतच नाही, की पृथ्वीतलावर आणखीही कोणाच्या हातून चूक होत असेल. लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीतच 'एरर' नावाचं फंक्शन बसलेलं आहे, पण मूळ लायब्ररीत काय काय आहे हे वाचून मग नाव ठेवणारा प्रोग्रामर मी अजून पाहिलेला नाही. आमंत्रण पत्रिका पूर्ण वाचणारा माणूसही मी पाहिलेला नाही.

नव्या पोरांना तरी काय बोलायचं? सी भाषेचं १९८९ चं प्रमाण बघा. बाहेरच्यांना दिसणाऱ्या नावाची पहिली सहाच अक्षरं लक्षात ठेवली तरी चालतील, आणि त्यातही लहान लिपी-मोठी लिपी हा भेद पाळला नाही तरी चालेल, अशी सवलत त्याने दिली होती. जुन्या लिंकरांची बुद्धी तेवढीच होती. १९९९ च्या प्रमाणाने ती ३१ अक्षरांवर नेली. आता त्या सहा अक्षरांच्या जमान्यात 'दहिसर ईस्ट' आणि 'दहिसर वेस्ट' अशी दोन फंक्शनं इंग्रजी स्पेलिंगात लिहून बघा. डी-ए-एच-आय-एस-ए. संपलं. पूर्व आणि पश्चिम एकच. एरवी पुलाच्या पायऱ्या चढून-उतरून आमचे गुडघे निघतात.

शिवाय त्या सहा अक्षरांत तिसरं दहिसरही बसतं. ठाणे जिल्ह्यात शिळफाट्याजवळ आहे ते. माझा मामेभाऊ पुण्याहून पहिल्यांदाच मोटारीने आमच्याकडे निघाला. मोबाइलवरच्या नकाशाला त्याने फक्त 'दहिसर' एवढंच सांगितलं, आणि नकाशाने त्याला वाटेत पहिलं लागेल ते दहिसर दिलं.

"पोचलो रे दहिसरला!"

"अरे वा! कुठे, टोलनाक्याशी?" (२०२४ च्या ऑक्टोबरपासून मोटारींना तिथला टोल माफ आहे, तरी खूण म्हणून सगळे नाकाच सांगतात.)

"नाका नाही दिसत. मोरी आहे."

"मोरीत काय करतोस?"

"मोरीत नाही रे. दहिसर मोरी! बोर्डच लावलाय इथे."

मग मुंब्रा, ठाणे, घोडबंदर, मिरारोड असा प्रदक्षिणा घालत तो आला तेव्हा आमची जेवणं आटोपून मागचं आवरूनही झालं होतं. एकाच नावाची दोन गावं ठेवणाऱ्याला त्याने जी नावं ठेवली ती सहा अक्षरांत बसणारी नव्हती.

थोरामोठ्यांनाही हे चुकलेलं नाही. ब्रायन कर्निगन आणि डेनिस रिची यांचं १९७८ सालचं 'द सी प्रोग्रामिंग लँग्वेज' म्हणजे आमच्या संप्रदायाची पोथी. त्यातले रिची हे तर या भाषेचे जन्मदाते. पोथीच्या पहिल्याच अध्यायात एक ओळ वाचून आणणारं छोटंसं फंक्शन आहे, त्याचं नाव 'गेटलाइन'. तीस वर्षं पोरं ते उतरवून घेत सी शिकली. मग २००८ साली पॉसिक्स नावाच्या प्रमाणाने त्याच नावाचं, वेगळ्या घडणीचं फंक्शन अधिकृत केलं. तेव्हापासून पोथीतला धडा जसाच्या तसा उतरवला, की कंपायलर 'कॉन्फ्लिक्टिंग टाइप्स' म्हणून हाकलून देऊ शकतो. भाषा ज्याने काढली त्याच्याच हातचा धडा अशुद्ध! परीक्षेत स्वतःच्या कवितेचा अर्थ लिहून नापास झालेल्या कवीची गोष्ट सांगतात, ती आमच्याकडे रोज घडते.

जावास्क्रिप्टवाल्यांचा घोळ तर अलीकडचा, २०१८ चा. याद्यांच्या पोटातल्या याद्या सपाट करणारी एक सोय भाषेतच द्यायची असं ठरलं, नाव ठरलं 'फ्लॅटन'. पण मूटूल्स नावाच्या जुन्या लायब्ररीने त्याच नावाची स्वतःची सोय फार पूर्वीच करून ठेवलेली. नवं नाव फायरफॉक्सच्या चाचणी आवृत्तीत उतरलं आणि जुनी एक वेबसाइट मोडली. कोणीतरी वैतागून गमतीत सुचवलं, की 'स्मूश' ठेवा. लोकांनी ते गंभीरपणे घेऊन जगभर वाद घातला. शेवटी 'फ्लॅट'वर तडजोड झाली. मुंबईच्या माणसाला यात नवल वाटू नये. आमच्याकडे भावाभावांतल्या सगळ्या तडजोडी फ्लॅटवरच होतात.

तर आता आमचं प्रकरण.

आमची कंपनी पतपेढ्यांसाठी सॉफ्टवेअर करते. व्याजाची लायब्ररी पुण्याची टीम लिहिते, छपाईची आम्ही मुंबईवाले. पुण्याच्या लायब्ररीत 'राउंडऑफ' नावाचं फंक्शन होतं. ते व्याजातले सुटे पैसे मोडून पूर्ण रुपयात आणायचं. आमच्याही लायब्ररीत 'राउंडऑफ' होतं. ते पासबुकात छापायच्या चौकटीचे कोपरे गोल करायचं. कोपरा किती गोल हवा तो आकडा त्याच्या हाती द्यायचा. आकडा आठाच्या वर असला तर ते मुकाट्याने आठ परत द्यायचं, कारण त्याहून गोल कोपरा आर्थिक संस्थेला शोभत नाही असं आमच्या डिझायनर बाईंचं ठाम मत.

दोन्ही राउंडऑफ बरीच वर्षं सुखाने नांदली. यादीत व्याजाची लायब्ररी आधी होती, त्यामुळे सगळीकडे पुण्याचंच फंक्शन चालायचं. पासबुकाचे कोपरे भलतेच गोल येतात अशी बाईंची कुरकूर असायची. आम्ही प्रिंटरला दोष द्यायचो. दोनदा प्रिंटर बदललेही.

मग एक नवा मुलगा रुजू झाला. हुशार, आणि टापटीप इतका की टेबलावरची पेनं उंचीप्रमाणे लावायचा. लायब्रऱ्यांची ती अस्ताव्यस्त यादी त्याला बघवेना. एका संध्याकाळी त्याने ती एबीसीडीप्रमाणे लावून टाकली. प्रिंटचा पी आला वर, व्याजाचा व्ही गेला खाली. दुसऱ्या दिवसापासून कोपरे असे काही सुरेख उमटले, की डिझायनर बाई प्रथमच खुर्चीतून उठून आमच्या टेबलाशी आल्या आणि "शेवटी ऐकलंत ना माझं," म्हणून गेल्या.

मार्चअखेरीला दहिसरातल्याच एका पतपेढीतून फोन आला.

"साहेब, व्याज आठ रुपये येतंय."

"कोणाचं?"

"सगळ्यांचं."

"दर बदललात का?"

"दर तोच आहे. माणूस बदलला तरी आठच येतंय."

मी रिक्षा करून गेलो. पंचवीस हजारांच्या ठेवीवर आठ रुपये, पाच लाखांच्या ठेवीवर आठ रुपये. सहकारी चळवळीने इतकी वर्षं ज्या समतेचं स्वप्न पाहिलं ती काउंटर नंबर दोनवर प्रत्यक्ष उतरली होती. एक निवृत्त गृहस्थ पासबुकाच्या मागच्या पानावर पेन्सिलीने चक्रवाढ व्याज काढत होते आणि दर दोन मिनिटांनी "हे असं कसं?" एवढंच म्हणत होते. त्यांच्या शेजारच्या आजी पासबुक डोळ्यांपासून लांब धरून म्हणाल्या, "व्याजाचं तुमचं तुम्ही बघा बाबा, पण यंदा चौकट छान आखलीत हो."

पुण्याला फोन लावला. टीम लीड म्हणाला, "आमच्या मशिनवर बरोबर येतंय." प्रोग्रामरच्या तोंडचं हे वाक्य म्हणजे शेजाऱ्याच्या "आमच्याकडे पाणी येतंय की" या वाक्याचंच भावंड. त्याचा उपयोग शून्य असतो आणि ते खोटंही नसतं. त्याच्या मशिनवर अजून जुनीच यादी होती.

रात्री घरी बसून दोन्ही लायब्रऱ्यांवर 'एनएम' चालवलं. कुठल्या लायब्ररीत बाहेरच्यांना दिसणारी कुठली नावं आहेत, ते हा आदेश सांगतो. व्याजाच्या लायब्ररीत कॅपिटल टी आणि पुढे राउंडऑफ. छपाईच्या लायब्ररीत कॅपिटल टी आणि पुढे राउंडऑफ. मग 'एलडी_डीबग'ला 'बाइंडिंग्ज' असं सांगून प्रोग्राम पळवला, म्हणजे लोडर कोणाची गाठ कोणाशी मारतो ते तो स्वतःच्या तोंडाने बोलतो. पडद्यावरून ओळींचा लोंढा गेला. त्यात एक ओळ सापडली: व्याजाची लायब्ररी आपलं राउंडऑफ छपाईच्या लायब्ररीतून घेत होती. स्वतःचं घरात असताना.

बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, "अहो, सापडलं का काही?"

"सापडलं. पार्सल मागच्या गल्लीत जात होतं."

"मग त्यांनी परत दिलं का?"

इथून खरा कार्यक्रम सुरू झाला. रोग कळला होता, औषधंही ढिगाने होती. फंक्शन एकाच फाइलीपुरतं असेल तर त्याच्याआधी 'स्टॅटिक' लिहायचं, ते बाहेर दिसतच नाही. सगळ्या लायब्ररीला लागत असेल तर 'हिडन व्हिजिबिलिटी'ची सोय जीसीसी कंपायलरच्या ४.० आवृत्तीपासून, म्हणजे २००५ पासून आहे. जेवढं दाखवायचं तेवढं दाखवा, बाकी झाका. मी ईमेल लिहिला, की दोघांनीही आपापली राउंडऑफ लपवून ठेवू. पुण्याहून उत्तर आलं: "आम्ही का लपवावं? आमच्या फंक्शनमध्ये लपवण्यासारखं काही नाही." आमच्या टीमनेही हेच म्हटलं, फक्त आवाज चढवून. सगळं सी++ मध्ये नेऊन प्रत्येकाला आपापला नेमस्पेस देऊ, असं एकाने सुचवलं. ते पुढच्या दिवाळीनंतर करू यावर मात्र तत्काळ एकमत झालं.

राहता राहिलं नाव बदलणं. ते कोणी बदलायचं?

"आमचं आधीपासून आहे," पुणे.

"आमचं जास्त ठिकाणी वापरलं जातं," मुंबई.

या ईमेलांच्या प्रती बंगळुरूला बसणाऱ्या आमच्या मॅनेजरला जात होत्या. सज्जन माणूस आहे. मराठी येत नाही, पण माणसं जोडायची हौस मोठी. त्याने कंपनीच्या नोंदीत माझे आणि पुण्याच्या टीम लीडचे पत्ते बघितले आणि लिहिलं: "तुम्ही दोघंही आनंद नगर मेट्रो स्टेशनजवळ राहता! मग ईमेलवर कसले भांडता? उद्या सकाळी साडेदहाला स्टेशनखाली भेटा आणि चहा पिऊन मिटवा."

मी वेळेवर पोचलो. फोन लावला.

"मी स्टेशनखाली उभा आहे."

"मीही उभा आहे. दिसत नाही तुम्ही."

"चहाच्या टपरीशी या."

"तिथेच आहे. अमृततुल्य."

"इथे नुसतं कटिंग आहे. बरं, तुमच्या मागे पुढच्या स्टेशनचं काय नाव लिहिलंय?"

"आयडियल कॉलनी. तुमच्या?"

"कांदरपाडा."

थोडा वेळ दोन्हीकडून फक्त रहदारी ऐकू आली. पुण्याचं आनंद नगर स्टेशन ६ मार्च २०२२ ला सुरू झालं, दहिसरचं २ एप्रिल २०२२ ला. एकाच राज्यात, २७ दिवसांच्या अंतराने, दोन मेट्रोंची दोन आनंद नगरं! ठाण्याच्या वेशीवरचं टोलनाक्याचं आनंदनगर यात धरलेलंच नाही. मी ही माहिती त्याला मोठ्या हौसेने दिली. त्याने शांतपणे चहाचा घोट घेतल्याचा आवाज आला.

"मार्च म्हणजे आमचं आधी," तो म्हणाला. "तेच तर म्हणतोय मी."

मी दादरचा दाखला दिला. इतकी वर्षं तिथे पश्चिम रेल्वेचाही एक नंबर आणि मध्य रेल्वेचाही एक नंबर. 'पाच नंबरवर भेट' म्हणणारी माणसं दोन वेगवेगळ्या पाच नंबरांवर उभी राहून एकमेकांशी कायमचं बोलेनाशी झालेली आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये रेल्वेने ते मिटवलं. पश्चिमेचे १ ते ७ तसेच राहिले, मध्यचे ८ ते १४ झाले. कोणाचं काही बिघडलं नाही, गाड्या त्याच वेळेला येतात. म्हणजे त्याच वेळेला येत नाहीत.

"उत्तम," पुणे म्हणालं. "मग तुम्ही मध्य रेल्वे व्हा."

दहिसरच्या माणसाला मध्य रेल्वे हो म्हणणं म्हणजे काय, हे पुण्याच्या माणसाला समजावून सांगणं शक्य नव्हतं. मी फोन ठेवला.

मॅनेजरने फर्मान काढलं: दोघांनीही नावापुढे आद्याक्षरं लावा. हा तोडगा जुना आणि जगन्मान्य. एसक्यूलाइट नावाच्या डेटाबेसची सगळी फंक्शनं 'एसक्यूलाइट३' लावून सुरू होतात. त्यातला तीनसुद्धा मुद्दाम घातला, म्हणजे दुसऱ्या आवृत्तीची म्हातारी लायब्ररी आणि तिसरीची सून एकाच प्रोग्रामात नांदू शकतात. ॲपलच्या घरात कित्येक नावांपुढे आजही 'एनएस' असतं. ते नेक्स्टस्टेपचं. नेक्स्ट ही कंपनी ॲपलने १९९७ साली विकत घेतली, तरी माहेरची अक्षरं सुटली नाहीत.

आम्ही त्याच रात्री 'पीपी' लावलं. प्रिंट पासबुक. पुण्यानेही त्याच रात्री, मोठ्या मनाने, एक शब्द न बोलता नाव बदललं. त्यांनीही 'पीपी' लावलं. पतपेढी. सकाळी पीपी_राउंडऑफ आणि पीपी_राउंडऑफ एकमेकांसमोर उभी. व्याज आठ रुपये. ॲपलने दोन अक्षरी आद्याक्षरं स्वतःकडे राखून बाकीच्यांना निदान तीन लावा म्हणून सांगितलं, ते उगाच नव्हे.

आता तिसरं अक्षर कोणतं यावर वाद पेटणार, इतक्यात त्या टापटीप मुलाने तोंड उघडलं. म्हणाला, "सर, पुण्याला कोंढवा बुद्रुक आणि कोंढवा खुर्द आहेच की. आंबेगावाचंही तसंच. लोक भांडत नाहीत, पत्रं बरोबर जातात. आपणही एक बुद्रुक करू, एक खुर्द करू. कोडमध्ये लिहिताना पाट्यांवर लिहितात तसं 'बीके' आणि 'केएच'."

सगळे स्तब्ध झाले. लिंकर नव्हता, लोडर नव्हता, तेव्हा कोणा कुलकर्ण्याने बोरूने हा प्रश्न सोडवून ठेवलेला होता. पुण्याच्या टीम लीडला कल्पना इतकी पसंत पडली की कोणी पुढे काही बोलायच्या आत त्याने बुद्रुक घेऊन टाकलं. बुद्रुक म्हणजे मोठं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आमची टीम खुर्द व्हायला तयार होईना. एक जण म्हणाला, "सर, मी घरी काय सांगू?" मी म्हटलं, पगार तोच आहे, घ्या खुर्द.

त्या रात्री पीपी_राउंडऑफ_बीके आणि पीपी_राउंडऑफ_केएच अशी दोन फंक्शनं गुण्यागोविंदाने आपापल्या कामाला लागली. व्याज बरोबर आलं. कोपरेही बरोबर आले. पतपेढीच्या मॅनेजरने निवृत्त गृहस्थांचं पेन्सिलीचं गणित आणि आमच्या प्रोग्रामचं उत्तर शेजारी शेजारी ठेवलं, रुपयाचाही फरक निघाला नाही. पुण्याच्या लीडने टीमला मिसळ दिली आणि ईमेलच्या खाली स्वतःच्या नावाशेजारी कंसात 'बीके' लिहायला सुरुवात केली.

बंगळुरूच्या मॅनेजरने आठवड्याने कोड पाहिला. त्याला स्वच्छतेची आवड आहे.

"हे 'बीके' म्हणजे बॅकअप ना?" त्याने फोनवर विचारलं. "जुने बॅकअप चालू प्रोग्रामात कशाला ठेवता? काढून टाका."

मी काही सांगायच्या आत टापटीप मुलाने ते काढून टाकलं होतं. लोडरने पहिलं दार वाजवलं, दुसरं वाजवलं, बीके कुठेच सापडलं नाही, आणि 'अनडिफाइन्ड सिंबॉल' एवढं म्हणून प्रोग्राम जागच्या जागी बसला. दुपारी पतपेढीतून फोन आला. आवाजात राग नव्हता, होती ती फक्त हळहळ.

"साहेब, निदान आठ रुपये तरी येत होते."